एकच बर्थ

मयुराने फोन स्पीकरवर टाकून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला आणि वडिलांसमोरच्या परातीतले मटार सोलायला घेतले. विमान कंपनीचं होल्डवरचं संगीत चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

सोमवारचं पुण्याचं विमान रद्द झाल्याचा मेसेज सकाळी आला होता. मंगळवारी नऊला तिची पीएच.डी.ची मुलाखत होती. वरच्या मजल्यावरच्या वैभवीचीही, त्याच संस्थेत. दोघींची तिकिटं वैभवीनेच एकत्र काढली होती. दुसऱ्या कंपन्यांकडे जागा नव्हती, रेल्वेचं तत्काळ मिनिटभरात संपलं होतं.

"चव्वेचाळीस विमानं आहेत यांची," मयुराने मोबाइलवरचा उडत्या विमानांचा नकाशा आठवून सांगितलं. "आज फक्त दोन हवेत होती. सगळी भाड्याने घेतलेली, बाकीची भाडं थकलं म्हणून मालकांनी अडकवलीयत. आठवड्यात कसं होतं हे, बाबा?"

"आठवड्यात नाही होत," पद्माकर म्हणाले.

विमान कंपन्यांच्या फायली ज्या विभागात येतात, तिथे ते सेक्शन ऑफिसर होते. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या क्वार्टरमध्ये त्यांनी ऑफिसचा विषय कधी काढला नव्हता. सरकारी ओळखीवर रेल्वेच्या कोट्यातून वेटिंगचं तिकीट कन्फर्म करून घेणंही त्यांना मान्य नव्हतं. आजोबा वारले तेव्हाही ते गावी जनरलच्या डब्यातून उभ्याने गेले होते. विमानाचं ठरलं तेव्हा "ट्रेनने जा की," एवढंच दोनदा म्हणाले. मयुराने कारण विचारलं, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून तिने त्यांच्या ट्रेनमधल्या पुरी-भाजीच्या डब्याची थट्टा केली होती.

आता ते उठले, हात धुऊन आले आणि तिच्यापुढे एक कागद धरला. उद्या दुपारी तीन, निजामुद्दीन. सोमवारी संध्याकाळी पुणे. मयुराचं नाव, खालचा बर्थ, कन्फर्म.

तिने सुटकेचा निःश्वास सोडला. मग सवयीने कागद वरपासून वाचला. तिकीट बावीस दिवसांपूर्वी काढलेलं होतं. कंपनी अडचणीत असल्याची पहिली बातमी पेपरात येऊन सहा दिवस झाले होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी कुणाला काही बोललो नाही. घरातही नाही."

"आणि एकच काढलंत?"

"दोन काढली असती तर वैभवीच्या घरी कारण सांगावं लागलं असतं." ते पुन्हा परातीशी बसले.

मयुराला खूप बोलायचं होतं. तेवढ्यात बेल वाजली.

वैभवी सरळ बाल्कनीत आली. "यार, माझं वेटिंग दोनशे चौदा आहे. मम्मीने रडून घर डोक्यावर घेतलंय." मग तिला कागद दिसला. "तुला मिळालं? कसं काय?"

पद्माकरांच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली. मयुराने कागदाची घडी घातली, तारखेची वरची ओळ आत जाईल अशी.

"बाबांनी केलं," ती म्हणाली. "कोट्यातून."

"अच्छा." वैभवी त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "काका, माझ्यासाठी पण एक होईल का? प्लीज."

फोनमधली बाई अजून सांगत होती की त्यांचा कॉल कंपनीसाठी महत्त्वाचा आहे. पद्माकरांनी तो बंद केला. शेंगेतले दाणे परातीत सोडले, हात पंच्याला पुसले.

"पीएनआर लिहून दे," ते म्हणाले. मयुराकडे त्यांनी पाहिलं नाही.