एक्के आले की पळापळ

लोकरीच्या शेडमध्ये आयुष्य काढलेली ग्लेनिस, गोर नावाच्या गावातल्या आपल्या घरी, दर रविवारी दुपारी दोन डॉलरची ऑनलाइन पोकर स्पर्धा खेळे. आज चौघंच उरले होते आणि तिघांना क्राइस्टचर्चच्या मोठ्या खेळात जागा मिळणार होती. तिला ती हवीच होती. पण एक कोडं सुटत नव्हतं.

"मला एक्के आले की सगळे पत्ते टाकून पळतात, आणि फालतू पानांचा कचरा आला की चिकटून बसतात. असं का गं?"

शेजारीण ह्युआ मागे विणत बसली होती. "अगं बाई, एक्के आले की तू मूळ बोलीच्या पाचपट लावतेस आणि कचऱ्यावर दुप्पट. मेंढीलासुद्धा कळेल!"

"खरंच? बघूच."

पुढच्या डावाला सत्ती-दुर्री आली, म्हणजे निव्वळ कचरा. ग्लेनिसने मुद्दाम पाचपट लावलं. तिघांनीही निमूट पत्ते टाकले. ती खुदकन हसली.

दोन डावांनी खरोखरच एक्क्यांची जोडी आली. बोटं सवयीने पाचपटीकडे गेली, पण तिने दुप्पटच लावलं. सर्वांत कमी चिप्स उरलेल्या डनीडिनच्या गड्याला तो कचराच वाटला असावा. त्याने होतं नव्हतं ते पुढे ढकललं. ग्लेनिसने लगेच बरोबरी केली. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी निघाली. टेबलावर सर्वांसाठी उघडलेल्या पाच पानांनी त्याला काही हात दिला नाही आणि तो बाद झाला.

जागा मिळाली. ग्लेनिस मात्र पडद्याकडेच बघत राहिली.

"ह्युआ, आणखी काय काय मी असं न बोलता सांगत असते गं?"

"चहा टाक आधी. यादी मोठी आहे."