खंडेनवमीच्या सह्या

रघु परबचं नाव तुम्ही दिलंत.

करवत दुसऱ्याने चालू केली, हात तिसऱ्याने धरला, पण नाव तुमच्याकडून गेलं. साहेब, तुम्ही ऑडिट समितीचे अध्यक्ष. दरवर्षी अहवालात तुमचा फोटो येतो आणि खाली छापतात, ‘स्वतंत्र संचालक’. कोणापासून स्वतंत्र ते जाऊ दे. मला एकच गोष्ट विचारायची आहे, पण आधी सगळं ऐकावं लागेल. तुम्ही ते ‘अपघात’ म्हणून वाचलंय. मी ते बघितलंय.

मी अपेक्षा राणे. तुमच्याच कंपनीची अंतर्गत नियंत्रणं तपासत होते. दाराला कडी आहे का, असली तर लागते का, आणि कडी लावणारा नि घरात शिरणारा एकच माणूस तर नाही ना, हे बघायचं. एवढंच माझं काम. आपला धंदा लाकडाचा आणि प्लायवूडचा. माल विकला असं हिशेबात दाखवायचं तर तो रे रोडच्या गोदामातून खरंच बाहेर पडला, अशी गोदामप्रमुखाची सही लागते. सही डिजिटल. अंगठ्याएवढा डोंगल कॉम्प्युटरला लावायचा, पिन टाकायचा, झालं. गोदामप्रमुख रघु परब. त्याची सही नाही तर विक्री नाही. कागदावर नियम एकदम टाइट.

सप्टेंबर तिमाहीत विक्री अशी काही फुगली की शेअर उडाला. मी सह्यांच्या खऱ्या वेळा काढल्या. गाड्याच्या गाड्या सागवान, सगळ्यांना रघु परबची मंजुरी, एकाच दुपारी. वर तारखा सप्टेंबरच्या, पण सह्या झाल्या तिमाही संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. मागची तारीख टाकताना सिस्टिमने कोणालाही अडवलं नव्हतं.

मी तणतणत रे रोडला गेले. रघुदादा लालबागचा, आमच्या पलीकडच्या चाळीतला. मला वाटलं, हा विकला गेला.

“दादा, या सह्या तुम्ही केल्यात?”

त्याने तारीख बघितली आणि हसायलाच लागला. “बाय माझे, ही खंडेनवमी. त्या दिवशी मी सही करीन? माझो डोंगल देवीसमोर होतो!”

तुमच्या घरी करतात की नाही माहीत नाही, पण आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात. आजोबा गिरणीत साच्याला, म्हणजे मागाला, हार घालायचे. आता गिरणी नाही, तर हाताला जे असेल ते. गोदामात टेबलावर लाल कापड, त्यावर करवतीची पाती, टेप, फोर्कलिफ्टची चावी आणि मधोमध सगळ्यांचे डोंगल. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. काम बंद, माणसं घरी. आणि डोंगल सगळे सारखेच दिसतात म्हणून प्रत्येकाच्या मागे नावाची चिठ्ठी चिकटवलेली. नावाखाली पिन.

“पिनसुद्धा लिहिलाय?” मी ओरडलेच.

“अगो, विसराक होता. आणि देवीसमोर कोण चोरी करतलो?”

“ज्याला देवी दिसत नाही तो.”

“मग तेका डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाड.”

मग त्याने मला आत नेऊन ‘विकलेला’ माल दाखवला. सगळा जागेवर. प्लायवूडच्या एका थप्पीवर मांजर व्यायली होती, पिल्लांचे डोळे उघडले होते.

“दादा, हे वर कळवावं लागेल. एकाच माणसाला, अध्यक्षांना. तुमचं नाव तिथे गुप्त राहतं, धोरणात तसं लिहिलंय.”

त्याने खाली घसरलेलं एक पिल्लू उचलून परत थप्पीवर ठेवलं. “लिहिल्ला हा?”

“हो.”

“मग घाल माझा नाव. पण बाकी खंय नको हां. माका दोन पोरी आसत.”

आधी रीतीप्रमाणे मी वित्तप्रमुखाकडे गेले. हितेंद्र प्रधान, दादरचा, शिवाजी पार्कला वाढलेला, बोलणं कसं साजूक तुपातलं. मी त्याला त्रुटी सांगितल्या. डोंगल उघड्यावर पडतात. पिन चिकटवलेले आहेत. मागच्या तारखेने नोंद घालता येते. नोंद घालणारेच साठा मोजतात. रघुदादाचं नाव घेतलं नाही. पूजेचा तर शब्दही काढला नाही.

“अपेक्षा, ‘गंभीर’ हा शब्द काढ. ‘सुधारणेस वाव’ असं लिही.”

“सर, विकलेला माल गोदामात आहे.”

“कोणी सांगितलं?”

“मी बघितला.”

“तुला एकटीला कसा सापडला? कोणी दाखवला?”

मी ‘गंभीर’ तसाच ठेवून पुढे टाइप करत राहिले. माझी बोटं कीबोर्डवर होती. त्याने लॅपटॉपचं झाकण त्यांच्यावर आपटलं आणि तळव्याने दाबून धरलं. वर स्वतःचा भार टाकला. माझ्या तोंडातून आवाज निघाला, त्याच्या आवाजात मात्र फरक नाही.

“तुझे आजोबा गिरणीत होते ना गं? संपात उतरले. काय उरलं? त्याच गिरणीच्या जागेवर आपण बसलोय, एसीत. जरा खिडकीतून बघ. बघितलंस? छान. आता शब्द बदल.”

दोन नखं काळी पडली. त्याच बोटांनी मी तुम्हाला मेल लिहिला. धोरणात दिलेल्या पत्त्यावर, जो म्हणे फक्त अध्यक्ष उघडतात. त्यात सगळं लिहिलं. रघु परबचं नाव लिहिलं आणि त्याचं वाक्य त्याच्याच बोलीत घातलं, शब्द न बदलता: ‘माझो डोंगल देवीसमोर होतो.’ तुमचं उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे. आभार.’

त्याच आठवड्यात मी दुरुस्तीला लागले. नवे डोंगल, नवे पिन, प्रत्येकाला वेगळा कुलुपाचा खण. ती पिशवी घेऊन भर दुपारी गोदामावर पोचले तर शटर अर्ध्यावर आणि आत करवतीचं मशीन चालू. जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू? मी वाकून आत शिरले.

रघुदादा गुडघ्यांवर होता. खालचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. मागून दोघांनी धरलेला. समोर अभय, गेटवरच्या सिक्युरिटीचा ठेकेदार, ज्याला प्रधानने आणलं होतं. अभय घाटावरचा, मालवणी त्याला येत नाही. पण तो मालवणीत बोलत होता. तोंड वाकडं करून, नक्कल करत.

“माझो डोंगल देवीसमोर होतो! काय रे? देवीसमोर होतो?” प्रत्येक शब्दाला एक लाथ, बरगडीत. “बोलव की तुझ्या देवीला. सही कुठल्या हाताने करतोस? या?”

साहेब, ते वाक्य मी तिथे त्या माणसाच्या तोंडून ऐकलं. हाताला सागाची पट्टी लागली, ती मी उचलली आणि अभयच्या कानावर हाणली. कान चिरला. तो खाली गेला तशी दुसरी हाणली, खांद्यावर. काहीतरी मोडलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिसरी मी डोक्यातच घालणार होते. एकाने मागून केस धरले आणि माझं कपाळ थप्पीच्या कडेवर आपटलं. परत आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं, दिसेना. ऐकू मात्र येत होतं.

“तिका सोडा रे! तिका सोडा, मी करतंय सही!” हे रघुदादा. तेव्हासुद्धा माझ्यासाठी.

लाकूड कापताना करवत किंचाळते. हाड लागलं की तिचा आवाज खाली येतो, घोगरा होतो. मग परत वर जातो. मधला तो घोगरा तुकडा मला अजून ऐकू येतो, मिक्सर लावला तरी येतो.

त्यांनी मशीन बंद केलं. अभय कान धरून उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, बघितलंत ना? लक्ष नव्हतं याचं. अपघात.”

मी ओढणीने मनगट आवळून बांधलं. भुशात पडलेला पंजा उचलला. तो गरम होता. परळच्या सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, भुसा फार गेलाय, शिवता येणार नाही.

पोलीस म्हणाले, कॅमेरा बंद होता. पोलीस म्हणाले, मॅडम, कंपनीने तुम्हाला निलंबित केलंय, तुमचा राग समजतो. माझ्या कपाळाच्या टाक्यांबद्दल कंपनीचं म्हणणं, मी बघायला धावले नि घसरले.

दोन दिवसांनी श्रेया आली, आपल्या मनुष्यबळ विभागाची. हातात फळांची टोपली आणि टाइप केलेलं पान. पानावर लिहिलेलं की अपघात स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला. आणि त्याखाली, सहज जाता जाता, की ‘सप्टेंबरच्या सगळ्या मंजुऱ्या मीच, रघु परबने, दिल्या होत्या.’ विक्री खोटी निघालीच तर चोर तयार. हातही नसलेला, उलटून लिहिणार नाही असा.

“सही नको, अंगठा चालेल,” श्रेया म्हणाली. “डावा.”

रघुदादाने डावी मूठ चादरीखाली घेतली. “ह्यो आंगठो मी देवचंय नाय.”

“अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.”

त्याची बायको, यशोदा वहिनी, तोवर भिंतीला टेकून उभी होती. तिने टोपली उचलली आणि श्रेयाच्या छातीवर फेकली. सफरचंदं कॉटखाली गेली. “चल, निघ हयसून. नायतर तुझो पण अपघात होतलो. माझा पण लक्ष नाय हां!”

वॉर्डातले सगळे हसले. रघुदादा पण हसला आणि त्याचे ओठाचे टाके सुटले.

अंगठा दिला नाही म्हणून कंपनीने तक्रार ठोकली. खोट्या मंजुऱ्या दिल्या, आरोपी रघु परब. सोमवारी त्याला कोर्टात उभा करणार आहेत. पुरावा काय, तर त्याच्या डोंगलच्या सह्या. मांजराची थप्पी आता जागेवर नाही, सगळा माल रातोरात हलवला. आणि परवा तुम्ही सही केलीत: ‘कंपनीची अंतर्गत वित्तीय नियंत्रणं प्रभावी आहेत.’ वाचलंत तरी का ते?

निलंबनानंतर माझी नोकरीही गेली, पण एक त्रुटी लिहायची राहिली होती, ती लिहिते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातात तक्रार पोचते. वर्गवारी: गंभीर. शब्द बदलणार नाही.

रघुदादाचं ते वाक्य मी प्रधानला सांगितलं नव्हतं. घरी आईलाही नाही. मी विचारलं, त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं, यशोदा वहिनीलासुद्धा नाही, ती घाबरेल म्हणून. तुम्हाला पाठवलेल्या मेलखेरीज ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथून ते अभयच्या तोंडात गेलं, जसंच्या तसं, मालवणीसकट. मधे माणसं आहेत. पहिला माणूस तुम्ही. दुसरा कोण, ते फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि ते नाव कोर्टात आलं तर सोमवारी आरोपीच्या जागी रघु परब उभा राहणार नाही.

‘नोंद घेतली’ आता चालणार नाही. आभारही नकोत. तो मेल तुम्ही स्वतः उघडलात की तुमच्यासाठी कोणी उघडला? पुढे पाठवलात? फोनवर वाचून दाखवलात? क्लबात हसत सांगितलात?

कोणाला? नाव सांगा.