मागच्या दाराने

व्हर्जिल कालपासून मागच्या दाराने बाहेर पडतोय, हे लोरेटाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. हॅलोवेल विद्यापीठाच्या अणुभट्टीतून निघताना प्रत्येकाने पुढच्या दाराशी किरणमापक यंत्रावर उभं राहायचं, हा इथला शिरस्ता. कुलगुरूंचीही त्यातून सुटका नाही. आणि तिला भट्टी चालवायला शिकवणारा हाच म्हातारा आता सामान उतरवायच्या दाराने सटकत होता. काय म्हणायचं याला!

तिच्या मनात पाल चुकचुकली. भट्टीतलं काहीबाही विकत घेणारे लोक जगात कमी नाहीत. संध्याकाळी ती मागच्या दारात आडवी उभी राहिली.

"इकडून कुठे, व्हर्जिल?"

"गाडी इकडे लावलीय."

"तुमची गाडी पुढे, माझ्या गाडीला खेटून उभी आहे."

"अगं, जरा पाय मोकळे करावेत म्हटलं. तू कधीपासून फौजदार झालीस?"

"तुम्हीच केलंत. चला, यंत्रावर उभे राहा."

यंत्राने भोंगा वाजवला. कोट काढला, पिशवी बाजूला ठेवली, बूट उतरवले, भोंगा थांबेना. लोरेटाने हातातलं मापक त्याच्या छातीशी नेलं, तर ते नुसतं तडतडायला लागलं.

"शर्टात काय लपवलंय? कुणाला विकताय?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला याच माणसाच्या घरी ती टर्की खायला जायची.

व्हर्जिलने बाही वर केली. कोपराच्या खोबणीत सुई टोचल्या जागी चिकटपट्टी होती.

"काल हृदयाची तपासणी झाली. फोटो काढायला रक्तात किरणोत्सर्गी औषध सोडतात. जाईल आपोआप."

"मग सांगायचं ना, भल्या माणसा! उगाच जीव टांगणीला लावलात." ती हसत सुटली.

तो हसला नाही.

"तपासणीचं सांगितलं असतं, तर डॉक्टर काय म्हणाले तेही सांगावं लागलं असतं."

"काय म्हणाले?"

"बसल्या बसल्या कधीही शुद्ध जाईल म्हणे."

लोरेटाचं हसू विरलं. अशा माणसाला भट्टीच्या नियंत्रणावर बसता येत नाही. परवाना जातो. आणि पाळीप्रमुख म्हणून संचालकांना कळवायचं तिनेच.

"एवढं सत्र जाऊ दे, पोरी," तो म्हणाला. "पोरांना शिकवायचंय अजून. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"त्यापेक्षा चोर निघालो असतो तर बरं झालं असतं. निदान रागाच्या भरात तरी फोन केला असतास."

तिला भयंकर राग आला, त्याचा, डॉक्टरचा, स्वतःच्या तीक्ष्ण नजरेचा. उद्या सकाळी तो नियंत्रणावर बसलाय, समोर विद्यार्थी आहेत आणि त्याची मान लुळी पडलीय, हे मात्र डोळ्यांपुढून हलेना. तिने फोन उचलला. डोळे भरल्यामुळे आकडे दिसत नव्हते, दोनदा चुकले.

व्हर्जिलने तिच्या हातातून फोन घेतला, संचालकांचा नंबर लावला आणि परत तिच्या हातात दिला.

"बोल," तो म्हणाला.