एका हाताने घालायचं यंत्र

२००६ च्या मार्चमध्ये उर्जाच्या पीएचडीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि हातात काहीच नव्हतं. स्टुटगार्टच्या विद्यापीठात तिने पॅरॅलिसिस झालेल्यांसाठी हातात घालायचं एक यंत्र बनवलं होतं. मिटून बसलेली बोटं ते हळूहळू उघडायचं. नऊ पेशंट ते घरी घेऊन गेले होते. रोज अर्धा तास वापरायचं, असं ठरलं होतं. पण यंत्रातल्या चिपवर कुणाची चार मिनिटं नोंदलेली, कुणाचं शून्य. फॉर्मवर मात्र सगळ्यांनी ‘समाधानी’वर खूण केलेली.

“पेशंट आळस करतात,” प्रोफेसर म्हणाले. “आणखी वीस जण घ्या.”

उर्जाला एका जागी बसवत नव्हतं. एस-बान, म्हणजे इथली लोकल, रिकामी असली तरी ती दाराशी उभी राहायची. जेवताना मध्येच उठून आकडे पुन्हा तपासायची.

तेवढ्यात रिहा-क्लिनिकमधून, म्हणजे पेशंटना पुन्हा हिंडतंफिरतं करणाऱ्या दवाखान्यातून, फोन आला. एक मराठी पेशंट होते. जर्मन समजत नसल्याने संशोधनाच्या नियमात ते बसत नव्हते, पण त्यांच्याशी बोलायला कुणीतरी हवं होतं. उर्जा गेली.

दिनकर इथल्या एका कंपनीत चोवीस वर्षं गिअरबॉक्स डिझाइन करत होते. उजवा हात मांडीवर निपचित होता.

“अहो, ही पुण्याची आहे,” त्यांची बायको शोभना म्हणाली. मग उर्जाकडे वळून, “यांचं जर्मन इतकं चांगलं होतं. पॅरॅलिसिसच्या अ‍ॅटॅकनंतर सगळं गेलं, मराठी तेवढं उरलं. तेही एकेक शब्द.”

बोलायला विषय हवा म्हणून उर्जाने बॅगेतून यंत्र काढलं. दिनकरांनी ते डाव्या हाताने उलटंपालटं करून पाहिलं.

“कोण... घालणार?”

“तुम्हीच, काका.”

तिने मदतीला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. पहिला पट्टा त्यांनी दातांत धरला, तोवर यंत्र हातावरून घसरलं. दुसरा पट्टा लागला तर पहिला सुटला. कपाळावर घाम आला. शोभना उठली, तिलाही त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दहा मिनिटांनी यंत्र मांडीवर पडलं.

“दोन हात... असते,” ते म्हणाले, “तर हे... कशाला?”

उर्जाला लॅबमधल्या चाचण्या आठवल्या. तिथे पेशंटना यंत्र दर वेळी तिनेच घालून दिलं होतं.

ती तडक त्या नऊ पेशंटपैकी एकीकडे, फ्राऊ केसलरकडे गेली. चढावरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. त्यांच्या चिपवर शून्य होतं.

“एकटीला घालता येत नाही,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तुम्ही दुखतं का विचारलंत, टोचतं का विचारलंत. हे नाही विचारलंत. आणि तुम्ही इतकी मेहनत घेतलेली, कसं सांगणार?”

दुसऱ्या दिवशी उर्जा प्रोफेसरांसमोर उभी राहिली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

“यंत्र पहिल्यापासून करायचंय. पेशंटना बरोबर घेऊन. आणि जर्मनची अट काढून.”

“पेशंट काही डिझायनर नसतात.”

“एक आहेत. आपल्या नियमाने त्यांना बाहेर ठेवलंय.”

“ठीक आहे, पण वर्ष तुमचं जाईल,” प्रोफेसर म्हणाले.

दर गुरुवारी लॅबच्या टेबलाभोवती सहा पेशंट जमू लागले. दिनकर डाव्या हाताने वाकडीतिकडी चित्रं काढायचे, उर्जा त्यांचे शब्द जर्मनमध्ये सांगायची. फ्राऊ केसलर भाषांतराची वाट न बघता चित्रावर बोट ठेवून वाद घालायच्या. पट्टे गेले. यंत्र टेबलावर ठेवायचं, हात आत सरकवायचा, एक दांडा दाबायचा, एवढं उरलं. पहिला नमुना चिमटे काढायचा. दुसरा जड झाला. तिसऱ्याच्या वेळी फ्राऊ केसलरची रोजची सव्वीस मिनिटं नोंदली गेली. दिनकरांची बोटं मात्र फारशी उघडली नाहीत.

शोधनिबंध छापायला पाठवताना प्रोफेसरांनी सहाही नावं आभारात टाकली. उर्जाला ते पटलं नाही. लेखक म्हणून त्यांची नावं द्यावीत, असं तिने प्रोफेसरांना मेलवर कळवलं. उत्तर येत नव्हतं आणि ती दिवसातून दहा वेळा मेल उघडून बघायची.

गुरुवारी तिने दिनकरांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“भांड,” ते म्हणाले. मग यंत्र तिच्याकडे ढकललं. “आणि दांडा... कडक आहे.”