बदलीच्या सामानात मला जागा मिळाली

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. झाकणाचा कोपरा उडालेला, एक बटण चार वर्षांच्या नयनाने उपटलेलं. कारखान्यातून निघालो तेव्हा मात्र आरशासारखा चकचकीत होतो. नागपूरला कॉलेजात शिकणाऱ्या स्वरदाने मला घेतलं. तिचा अभ्यास, तिची पहिली नोकरी, सगळं मी तिच्या मांडीवर बसून पाहिलं. "माझा राजा," म्हणायची मला. मग लग्न झालं, नयना झाली, नोकरी सुटली आणि मी लखनऊ छावणीतल्या क्वार्टरमध्ये कपाटावर, लोकरीच्या टोप्यांखाली जाऊन पडलो.

यंदा स्वरदाने घरून काम करायचं मनावर घेतलं. मला खाली काढलं, पुसलं. पण माझं वायफाय गेलेलं. तिने नवी वायफाय पिन, बोटाएवढी यूएसबीची कांडी, आणून लावली, तर मला ती पिन ओळखताच येईना. माझं कर्नेल फार जुनं होतं. कर्नेल म्हणजे माझ्या आतला घरकारभारी. कीबोर्ड, पडदा, डिस्क सगळ्यांना कामाला लावणारा. तो नवा बांधायला हवा होता.

तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. स्वरदाचा नवरा इंद्रजित फौजेत. तो म्हणाला, "अगं, हा डबा कबाडीवाल्या भैयाला देऊन टाक. ट्रंका आधीच गच्च आहेत."

"रविवारपर्यंत थांब. नाही चालला तर मीच देईन."

"यार, तू कधी कर्नेल बनवलंयस?"

"बाळ तरी कुठे आधी वाढवलं होतं?"

दुपारी नयना झोपली की ती बसायची. कर्नेल बांधण्याआधी काय ठेवायचं, काय गाळायचं ते खुणा करून सांगावं लागतं. दर बदलीला सामान आवरून तिचा हात बसलेला. "हे लागत नाही, काढ. हे काय आहे? काढ!" भराभर खुणा पुसल्या. त्यात माझ्या डिस्कशी बोलणारा भागही गेला. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

मग मी तासन् तास घरघरत, तापत राहिलो. नयनाने माझ्यावर हात ठेवला. "मम्मा, इसको बुखार है क्या?"

"नाही गं, काम करतोय तो."

बांधून झालं. आता जुनं कर्नेल पुसून जागा करावी म्हणून तिने हात घातला, तोच नयना पलंगावरून पडली. रडारडीत जुनं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी नव्या कर्नेलने मी उठलो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी टाकून थिजलो. डिस्कच सापडेना.

"झालं! बोलावू भैयाला?" इंद्रजित हसला.

स्वरदा हसली नाही. मला बंद करून पुन्हा लावलं. सुरुवातीलाच दोन नावं दिसली. वर नवं, खाली जुनं. तिने जुनं निवडलं. मी मुकाट्याने उठलो. पांढऱ्या ओळींत काय म्हटलं होतं ते तिने फोनवर शोधून वाचलं, पुसलेली खूण परत केली, कर्नेल पुन्हा बांधायला घेतलं आणि मला पुन्हा ताप चढला.

रविवारी सकाळी पिनेचा हिरवा दिवा लुकलुकला. इंद्रजितने ट्रंक उघडली, स्वतःचे क्रिकेटचे पॅड बाहेर काढले आणि म्हणाला, "अच्छा, ठेव इथे. वर रजई घाल."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण ते आपल्या पायावर उभं राहीपर्यंत जुन्याला दार दाखवू नका. माझं ते जुनं कर्नेल अजून माझ्यातच आहे. जागा कमी पडते, तरी स्वरदा ते पुसत नाही.