पॉलिशात बुडवलेली फौज

आमच्या ह्यांचं आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं भांडण झालं ते एका टेकडीवरून. टेकडी म्हणजे हिरव्या चादरीखाली ठेवलेली माझी उशी. तिच्यामागचे बोटाएवढे शिशाचे घोडेस्वार समोरच्या तोफांना दिसतात की नाही, एवढाच प्रश्न होता. हे निवृत्त नकाशाकार, मेहुणे दातांचे डॉक्टर. जुन्या लढाया जेवणाच्या टेबलावर पुन्हा लढायचा दोघांनाही नाद. ह्यांनी फूटपट्टी काढली, मेहुण्यांनी पुस्तक काढलं, आणि साडू-साडूंचा अबोला सुरू झाला.

बरं, त्यांनी तोंडं फिरवली म्हणून आम्ही बहिणींनी का फिरवावीत? पण फिरवली. "तुझ्या नवऱ्याने आधी माफी मागावी," असं ती फोनवर म्हणाली. मी तेच म्हणणार होते. तिने आधी म्हटलं म्हणून मी फोन ठेवून दिला. ताठ्यात मी कमी नाही आणि ती माझ्यापेक्षा कांकणभर सरस. अशी दोन वर्षं गेली. मला तिची फार आठवण यायची. पण तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग ह्यांच्या खेळाच्या मंडळाचे चिटणीस निरोप घेऊन आले. डॉक्टर तीच लढाई पुन्हा लढायला तयार आहेत, येत्या रविवारी, आमच्याच घरी, सपत्नीक. अट एकच, मंडळाच्या नियमाप्रमाणे न रंगवलेला सैनिक टेबलावर चालणार नाही.

इथेच घोडं अडलं. ह्यांची फौज कपाटात करडी पडून होती. हे एक सैनिक घेतात आणि भिंगाखाली त्याच्या मिशा कोरत आठवडा काढतात. आजवर एक सरदार आणि एक नगारेवाला एवढेच कपडे घालून तयार होते.

"अहो, आधी सगळ्यांच्या विजारी," मी म्हटलं. "त्या वाळल्या की सगळ्यांचे कोट."

"अगं, हा काय कारखाना आहे?"

"रविवारी पाहुणे यायचेत ना?"

मी लाकडी पट्ट्यांवर दुहेरी चिकटपट्टी लावून सैनिक ओळीने उभे केले. एक रंग, एक ब्रश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणाच्याही चेहऱ्याकडे बघायचं नाही. बघितलं की मिशी कोरावीशी वाटते. दोन दिवसांत आमच्या सेनापतींची ब्रश धुण्याच्या कामावर बढती झाली.

शेवटची युक्ती बाबांची. बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. गडद पॉलिश कोरीवकामाच्या खाचेत बसतं आणि वरचा भाग उठून दिसतो, हे आम्ही बहिणींनी लहानपणीच पाहिलेलं. मी एकेक सैनिक डब्यात बुडवला आणि चिमट्याने दोरीवर उलटा टांगला. कोटाच्या चुण्या, बोटं, पट्टे सगळं उमटलं. खोट एकच. ही लढाई सख्ख्या भावांची, दोन्हीकडे कोट निळेच. फरक फक्त बाहीच्या पट्टीत, आमची लाल, त्यांची तपकिरी. पॉलिशात आमची लालही तपकिरी झाली. म्हटलं, असू दे, लोक हातभर लांबून बघतात.

रविवारी बहीण आली आणि सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसली. परक्या घरी मागावं तसं पाणी मागितलं. मला इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं.

मेहुण्यांनी पेटी उघडली. "एकट्याने रंगवली सगळी. दवाखाना सांभाळून."

"मीही," आमचे हे म्हणाले. "छटा तीन थरांत दिल्यात."

मी चहाचे कप ठेवायला वाकले आणि मला बाबांचा वास आला. पॉलिशचा. माझ्या फौजेचा नव्हे, समोरच्या फौजेचा. मी बहिणीकडे पाहिलं. तिच्या नखात निळा रंग होता. तिने हात पदराखाली घेतला, मग माझ्या नखांकडे पाहून हळूच बाहेर काढला. आम्ही दोघी चहाकडे बघत बसलो, कारण एकमेकींकडे बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

लढाई तासभर रंगली, म्हणजे टेकडीपर्यंत.

"दिसत नाहीत," हे म्हणाले.

"दिसतात," मेहुणे म्हणाले, आणि तावातावाने दाखवताना त्यांचा कोपर चादरीत अडकला. उशी घसरली आणि दोन्ही फौजांचा एकच ढीग झाला. "बस झालं. माझी माणसं घेतो आणि जातो. पुन्हा येणे नाही."

बहिणीचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

मेहुण्यांनी एक सैनिक उचलला, फिरवून पाहिला, खाली ठेवला. ह्यांनी तोच उचलला आणि भिंग लावलं. दोन्ही सेनापतींना आपला माणूस ओळखता येईना. शेवटी हे माझ्याकडे वळले. "जरा बघतेस का?" मेहुणे बहिणीला म्हणाले, "तूही बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

आम्ही ढिगाशी बसलो. ओळखणं सोपं होतं. मी उलटे टांगलेले, म्हणून माझ्या सैनिकांच्या टोपीत पॉलिशचा थेंब सुकलेला. तिने उभे वाळवलेले, म्हणून तिच्या सैनिकांच्या बुटांशी. मी वाटणी सुरू केली, तेवढ्यात तिने टोपीत थेंब असलेला एक उचलला आणि शांतपणे आपल्या पेटीत ठेवला. मग दुसरा. मी तिच्याकडे पाहिलं. मग बुटांशी थेंब असलेले दोन उचलून माझ्या पेटीत घातले.

निघताना ती दारात थांबली. "ताई, नीट तपासून घे हं. चुकून अदलाबदल झाली असेल तर आम्हाला परत यावं लागेल."

"झाली आहे," मी म्हटलं. "निम्म्यांची तरी."