चिखलातली तांबडी होडी

सकाळचा चहा पुढ्यात येण्याआधी विश्वजीत टपाल पाहत असे. टपाल म्हणजे ई-मेल, आणि तेही परमुलखातले: स्कॉटलंड, कॅनडा, न्यूझीलंड, जिथे जिथे हौशी माणसे होड्या बाळगतात तिथले. मॅक संगणकासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या बंदरात भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे तो मिनिटामिनिटाने दाखवी. नवीन पनवेलच्या बिऱ्हाडात, आतल्या खोलीत दोन मेजे समोरासमोर मांडून विश्वजीत आणि त्याची पत्नी रेवा काम करीत. नोकरी दोघांनाही नव्हती आणि नकोच होती. रेवा वेबसाइट सांभाळी. प्रोग्रॅमचे आयकॉन, म्हणजे पडद्याच्या तळाशी ज्यावर टिचकी मारली की प्रोग्रॅम उघडतो ते चिमुकले चित्र, तेही तिनेच काढले होते. उरणच्या खाडीत ओहोटीला चिखलात कलंडून पडलेली एक तांबडी होडी.

त्या होडीने विश्वजीतचे सुख हिरावून घेतले होते.

गणित सारे त्याचे. चंद्राची ओढ, किनाऱ्याचा उतार, खाडीच्या तोंडाशी अडखळणारे पाणी, सगळे त्याने रात्रंदिवस झिजून बसवलेले. आणि पत्रांत काय येई? होडी फार गोड आहे. माझी नात होडी पाहायलाच माझ्या मांडीवर येऊन बसते. एका वृद्ध नावाड्याने तर लिहिले होते, की होडी काढणाऱ्या हाताला माझा नमस्कार सांगा. गणित करणाऱ्या डोक्याची चौकशी कुणी केली नव्हती.

"काय म्हणतात लोक?" समोरच्या मेजावरून रेवा विचारी.

"काही नाही. नेहमीचंच."

अशा रीतीने बायकोचे कौतुक तो एकट्यानेच वाचून, एकट्यानेच गिळून टाकीत असे, आणि ते त्याला पचतही नसे.

दोन हजार बाराच्या सुमारास मॅकचे नवे, बारीक दाण्याचे पडदे आले. जुनी चित्रे त्यांच्यावर पुसट दिसू लागली. ती दुप्पट मोठी काढणे भाग होते. त्याच आठवड्यात खारघरच्या बेलपाड्यातून प्रितेशचा फोन आला. हाही मॅकसाठीच प्रोग्रॅम लिहिणारा. पक्ष्यांचे आवाज टिपून ठेवणाऱ्यांसाठी त्याने काहीतरी तयार केले होते.

"वहिनी, चित्र मला तुमच्याच हातचं पाहिजे," तो म्हणाला. "दादांची होडी बघितली आणि ठरवूनच टाकलं."

"दादांची कुठली? माझी आहे ती," रेवा हसत म्हणाली, आणि खंड्या पक्षी काढायचे तिने कबूल करून टाकले.

विश्वजीतने हे सारे आपल्या संगणकाच्या पडद्याआडून ऐकले. आपल्या बायकोने रंगवलेले चित्र दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर मिरवणार, या कल्पनेने त्याचे अंग जळू लागले. आणि गंमत अशी, की तिचेच चित्र आपल्या प्रोग्रॅमवर मिरवते याचेही त्याला तितकेच दुःख होते. मत्सराला असे दोन्हीकडचे खायला मिळाले की तो फार लवकर पोसतो.

"तू प्रितेशचं कर," तो उदारपणाचा आव आणून म्हणाला. "आपलं मोठं चित्र मी बघतो."

"तू?"

"का? मला डोळे नाहीत?"

रेवाने खांदे उडवले आणि ती खंड्याची चोच रंगवू लागली.

विश्वजीतने एक लाट काढली. निळी, काचेसारखी चमकणारी, भरतीच्या आलेखाचा नेमका बाक घेतलेली. मोठी पाहिली तर देखणीच होती. आयकॉन निरनिराळ्या मापांत द्यावे लागते. त्याने मोठे चित्र घेतले आणि संगणकाला सांगून सगळी मापे त्याच्यातूनच लहान करवून घेतली. माहितीच्या चौकटीत त्याच्या नावाखाली रेवाचे नाव होते, तेही त्याने काढून टाकले. चित्रच तिचे नाही, तर नाव कशाला, असा त्याचा चोख न्याय.

त्याच्या आई सुनीताबाई जेवायला हाक मारण्यास दाराशी आल्या आणि पडद्याकडे बघत थांबल्या.

"ताटं वाढली आहेत. होडी कुठे गेली रे?"

"नवं चित्र आहे, आई."

"हे काय, डोंगर?"

"लाट आहे ती."

"असेल," सुनीताबाई म्हणाल्या. "ताक गरम होतंय, ऊठ."

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि पत्रांचा पूर आला. होडी कुठे आहे? माझ्याकडे ओळीने तीन निळे ठिपके आहेत, त्यांतला तुमचा कोणता? ओहोटी पाहायला गेलो आणि हवामानाचा प्रोग्रॅम उघडला. काहींनी जुनीच आवृत्ती पुन्हा बसवली. एकाने सरळ कळवले, की होडी परत येईपर्यंत मी दुसऱ्याचा प्रोग्रॅम वापरतो. दुसऱ्याचा, हा शब्द विश्वजीतने पुनःपुन्हा वाचला. जुनी होडी परत बसवावी, तर नव्या पडद्यावर ती ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसे. रेवाने नव्याने काढल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

दुपारी तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर खंड्या होता, बुडी मारण्याच्या बेतात मान खाली केलेला. चित्र इतके जिवंत होते की त्याला ते पाहवेना.

"होडी मोठी काढायची आहे."

"कुणाला हवी आहे?"

"लोकांना."

"मग लोकांना सांग, शनिवारी खंड्या जाणार. त्यानंतर होडी."

"मी घरचा माणूस आहे, रेवा."

"म्हणून तर शनिवारनंतर म्हटलं. बाहेरच्याला पुढचा महिना सांगितला असता."

तो हलला नाही. खंड्याच्या शेजारी त्याचेच अगदी लहान माप होते; त्यात चोच आणि निळा फटकारा, एवढेच.

"याचे पाय कुठे गेले?"

रेवाने मान वळवली. इतक्या वर्षांत त्याने तिच्या कामाविषयी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"एवढ्याशा जागेत पाय काढले तर काड्या दिसतात, पक्षी दिसत नाही. लहान चित्र लहान करायचं नसतं, नव्यानं काढायचं असतं. होडीचा दोर आणि वल्हं मी लहान मापात घेतलंच नव्हतं. तांबडा कल आणि चिखलाची रेघ, बस."

"मी लाट नुसती लहान केली."

"दिसलं ते. माझं नाव काढलंस, तेही दिसलं." ती पुन्हा खंड्याकडे वळली. "प्रितेश नाव घालतोय माझं. मी मागितलंही नव्हतं."

विश्वजीत आपल्या मेजाशी आला आणि माहितीची चौकट उघडून बसला. त्याने तिचे नाव आपल्या नावाखाली लिहिले. ते पुरेसे वाटेना. वर नेले, तर स्वतःचे नाव खाली केविलवाणे दिसू लागले. पुन्हा खाली आणले. शेवटी त्याने नावे लावण्याचा नियमच लिहून टाकला.

"नावं अक्षरक्रमानं लावली आहेत," त्याने घोषणा केली. "त्यामुळे तुझं आधी येतं. र आधी, व नंतर. त्यात माझं काही नाही."

"तुझं काही नाहीच," रेवा म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून सुनीताबाईंचा आवाज आला. "म्हणजे माझं घातलंस तर सगळ्यांत शेवटी का रे? दोघांना जेवायला कोण घालतं?"

होडी त्याला शनिवारनंतरच मिळाली, मोठी, वल्ह्यासकट. तिचे कौतुक पुन्हा येऊ लागले आणि पुन्हा त्याच्या पोटात दुखू लागले. मग एके सकाळी प्रितेशच्या प्रोग्रॅमविषयी लोक काय लिहितात ते त्याने चोरून पाहिले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे खंड्याविषयी होते. पक्ष्यांच्या आवाजांविषयी अवाक्षर नव्हते.

"बिचारा प्रितेश," विश्वजीत म्हणाला, आणि त्या माणसाविषयी त्याला प्रथमच मनापासून आपुलकी वाटली.